रात्रपाळीच्या घरातली पाहुणी

आमच्या शाळेत जर्मनीची मुलं येणार म्हटल्यावर सगळ्यात आधी शाळेच्या मुतारीला चुना लागला. खोटं कशाला सांगू! पाचवीपासून आम्ही तिथं नाक दाबून जात होतो, तेव्हा कुणाला पाझर फुटला नव्हता. मग फाटकाला हिरवा रंग, मैदानाच्या कडेच्या दगडांना गेरू आणि शिपाईमामांना नवी टोपी. आम्ही मुली हसून हसून बेजार.

मी तेव्हा नववीत होते. म्हणजे सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार, महिना डिसेंबरचा. तिकडच्या एका गावात मशिनी बनवणारा मोठा कारखाना होता आणि आमच्या पिंपरीतल्या एका कंपनीशी त्याचा करार होता. त्या ओळखीतून त्या गावच्या शाळेची नऊ मुलंमुली आणि दोन शिक्षक सहलीला भारतात आले होते. दिल्ली झाली, आग्रा झालं, मुंबई झाली आणि शेवटी एक शनिवार आमच्या वाट्याला आला. ताजमहाल बघून झाल्यावर पिंपरी! पण आमच्या भूगोलाच्या सरांना त्याचं काही नव्हतं. घरचं कार्य असल्यासारखे ते आठ दिवस धावत होते. कार्यक्रम त्यांनीच आखला. सकाळी शाळेत स्वागत, मग चाकणचा किल्ला, बारा वाजता आम्हा मुलांच्या घरी जेवण, दुपारी चिंचवडचं गणपतीचं देऊळ आणि पवनेचा घाट. एका पाहुण्याला एक यजमान, दिवसभर त्यानेच बरोबर हिंडायचं आणि त्यानेच घरी जेवायला न्यायचं.

नऊ यजमानांत माझा नंबर लागला तो इंग्रजीमुळे. घर बघून निवडलं असतं तर कठीणच होतं. संत तुकाराम नगरात आमच्या दोन खोल्या. बाहेरची बसायची, झोपायची, अभ्यासाची, आणि आतली स्वयंपाकाची. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. निदान तसं मी समजत होते.

घरी येऊन मी पाहुण्यांच्या गावाचं नाव सांगितलं आणि माझ्या वडिलांचा घास हातातच राहिला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो.

"आगं, ह्ये तर आमच्या मशिनीचं गाव!"

"तुमचं आपलं कायतरीच," आई म्हणाली.

"कायतरीच कसं? रोज वाचतोय की ती पट्टी!"

अण्णा मावळातल्या खेड्यातून बासष्ट-त्रेसष्टच्या आसपास सायकलवर पिंपरीला आले आणि कंपनीत चिकटले. शिक्षण सहावी. आधी झाडू मारला, मग माल वाहिला, मग लेथ, म्हणजे लोखंड कातायची मशीन, चालवायला शिकले आणि तिथून काही हलले नाहीत. ती लेथ जर्मनीची. तिच्या अंगावर पितळेची पट्टी होती आणि पट्टीवर ती जिथं बनली त्या गावाचं नाव होतं. दसऱ्याला घरच्या माणसांना कंपनीत आत सोडायचे. तेव्हा झेंडूची माळ घातलेली ती लेथ अण्णा आम्हाला दाखवायचे आणि पट्टीवरून बोट फिरवायचे. आईला ते मुळीच आवडायचं नाही. "माझ्याकडं कंदी असं बगितलं न्हाई," म्हणायची.

आता त्या गावची पोरगी घरी जेवायला येणार, तर तिला एक गोष्ट विचारायचीच, असं अण्णांनी ठरवलं. थंडीत ती लेथ रुसायची. ऑइल घट्ट व्हायचं आणि कातलेले पहिले चार-पाच जॉब मापात यायचेच नाहीत. अण्णा तिला आधी अर्धा तास नुसती फिरवायचे आणि सुपरवायझर करवादायचा. म्हणून विचारायचं होतं, की बाई, तुमच्याकडं तर बर्फ पडतो, मग तिथली माणसं काय करतात?

"अण्णा, ती शाळेतली मुलगी आहे. तिला काय माहीत असणार?"

"का? चाकणच्या पोराला कांद्यातलं कळत न्हाई व्हय? आन् न्हाई कळलं तर घरी जाऊन इचारंल बाला. तू फकस्त माझं इंग्रजीत सांग."

मी हो म्हणून टाकलं. पण शनिवारी त्यांची पहिली पाळी होती. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. सकाळी सात ते साडेतीन ते मशिनीवर असणार, मग बाराला घरी कुठून? तर त्यांनी एकाशी पाळी बदलून घेतली. नुकतीच एक आठवडा रात्रपाळी करून झाली होती, त्यावर आणखी एक आठवडा ओढून घेतला. सकाळी सातला सुटायचं, घरी येऊन चार तास झोपायचं आणि बाराला पाहुणीपुढे हजर. आई म्हणाली, "जिवाचं काय करून घेताय?" तर म्हणाले, "येवढ्यानं मरत न्हाई मानूस."

आता रात्रपाळीच्या झोपेचं थोडं सांगायला हवं. आमच्या वसाहतीत ज्या दाराच्या कडीला पंचा बांधलेला असेल, त्या घरात नाइटवाला माणूस झोपलाय असं समजायचं. त्या दारावरून जाताना भाजीवालीसुद्धा तोंड मिटायची. पोरं लगोरी उचलून दुसऱ्या टोकाला जायची. खलबत्ता बंद, रेडिओ बंद. भांडणंही बंद! दोन बायका तोंडाला तोंड देत उभ्या असल्या आणि पंचा दिसला, तर "चारनंतर बघते तुला" म्हणून आत जायच्या आणि चारनंतर खरंच बघायच्या. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना गावाकडच्या पाहुण्यांनी भर दुपारी उठवून गप्पांना बसवलं होतं आणि त्याच रात्रीच्या पाळीत त्यांची दोन बोटं प्रेस मशिनीखाली गेली होती. तेव्हापासून नाइटवाल्याला उठवायचं नाही म्हणजे नाही. आम्हा पोरांच्या ते अंगात भिनलं होतं. आजही दुपारी कुणी झोपलेलं दिसलं की माझी पावलं आपोआप हलकी पडतात आणि सुना हसतात.

शनिवार उजाडला. पाहुणे आले. आमच्या बाईंनी ओवाळलं, कुंकू लावलं. एका उंच मुलाने ते पुसायला हात लावला आणि नाकभर लाल करून घेतलं. रक्त आलं समजून त्यांच्या शिक्षिका रुमाल घेऊन धावल्या आणि सरांनी "नो ब्लड, नो ब्लड" म्हणत मध्ये उडी घेतली. माझ्या वाट्याला आली ती चष्मेवाली. माझ्याएवढीच, नाकावर ठिपके, पायात मुलग्यांसारखे जाड बूट. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं झकास जमलं. दोघींनाही चुकायची लाज नव्हती.

लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. बस चाकणच्या रस्त्याला लागली होती. पुढच्या सीटवर आमच्या वर्गातली एक मुलगी होती. तिचे वडील कंपनीत अधिकारी, दारात मोटार. ती तिच्या पाहुणीला तेच मोठमोठ्याने ऐकवत होती. तेवढ्यात माझ्या चष्मेवालीने विचारलं, "अँड युवर फादर?"

"इंजिनिअर," मी म्हटलं.

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. विमानात बसून आलेली पोरगी म्हणजे कुण्या बड्या साहेबाची लेक असणार, हे मी मनाशी धरूनच चालले होते. तिला उलट विचारावं, एवढंही सुचलं नाही. पुढच्या सीटवरची वळली, माझ्याकडे बघून फिस्सकन हसली आणि पुन्हा पुढे बघू लागली. मी खिडकीबाहेर बघत बसले. म्हटलं, मरू दे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि मग आठवलं, की बारा वाजता अण्णा समोर बसणार आहेत. व्हय-न्हाई करत लेथच्या ऑइलची चौकशी करणार आहेत आणि ती मलाच इंग्रजीत सांगायची आहे! 

चाकणचा किल्ला म्हणजे तेव्हा पडकी तटबंदी, बाभळी आणि शेरडं. सरांनी ढासळलेल्या भिंतीपुढे उभं राहून "धिस वॉल इज व्हेरी स्ट्राँग" असं सांगितलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. माणसं सभ्य होती. पण खरी गंमत पुढे झाली. शनिवार म्हणजे चाकणचा बाजार. परत निघताना बस बैलबाजारापाशी अडकली आणि पाहुणे पटापट खाली उतरले. तिथं दोन म्हातारे रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवत होते. तोंडाने चकार शब्द नाही. ते त्या मुलांना इतकं आवडलं, की त्यांनाही करून बघायचं होतं. एका म्हाताऱ्याने हौसेने त्या उंच मुलाचा हात रुमालाखाली घेतला आणि बोटं दाबली. मुलाने "येस, येस" म्हटलं. सगळा बाजार ओरडला, "घेतला! गोऱ्यानं बैल घेतला!" बैलाचा कासरा खरोखरच त्याच्या हातात आला. सर कपाळाला हात लावून "नो येस, नो येस" करत होते आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. तो सौदा मोडायला, चहा घ्यायला आणि म्हाताऱ्याबरोबर फोटो काढायला सव्वा तास गेला. इतकी हसलेली मला दुसरी सहल आठवत नाही. आता तिथं गेलं की ट्रक आणि गोडाऊनं दिसतात, बैल कुठं बांधत होते तेही सांगता येत नाही, आणि माझा जीव कळवळतो.

आम्ही घरी पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. दाराच्या कडीला पंचा बांधलेला होता.

मी कडी हळूच वाजवली. आईने दार उघडलं, ते ओठांवर बोट ठेवूनच. तिने मला कानात सांगितलं. अण्णा बाराला उठले, अंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि खुर्चीत ताठ बसून राहिले. साडेबारा झाले, एक झाला. डोळे मिटायला लागले. "मीच म्हनलं, जरा आडवं व्हा. आल्या की उठवते."

भिंतीकडे तोंड करून, सतरंजीवर, इस्त्रीच्या सदऱ्यात अण्णा झोपले होते. चष्मेवालीने न सांगता बूट काढून हातात घेतले. त्यांच्याकडे बघत तिने पुटपुटत विचारलं, "फादर?"

"येस," मी म्हटलं. "इंजिनिअर. नाइट वर्क. व्हेरी टायर्ड."

ती समजल्यासारखी चवड्यांवर चालत आतल्या खोलीत गेली. आई मात्र अण्णांपाशी वाकली. हात त्यांच्या खांद्यापाशी नेला.

"आई, नको!" मी म्हटलं. "नाइटवाल्याला उठवत नाहीत."

"आगं, पन त्येंनीच सांगितलंय. आठवडाभर त्याच्यासाठीच..."

"नको म्हणते ना मी! पुन्हा मशिनीवर जायचंय त्यांना. बोटं गेली म्हणजे?"

आईचा हात थबकला. तिला वाटलं, पोरीला बापाची केवढी काळजी! माझ्या गालाला हात लावून ती आत गेली. मी तिथं उभी राहिले. काळजी कसली डोंबलाची! वसाहतीतला सगळ्यात चांगला नियम मी माझी लबाडी झाकायला वापरला होता आणि मला ते पुरतं ठाऊक होतं.

जेवण कुजबुजत झालं. पुरणपोळी, कटाची आमटी, बिनतिखटाची बटाट्याची भाजी. पोळी कशी खातात ते मी तिला खुणांनी दाखवलं. तूप तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. आई हसायची आणि लगेच तोंडावर पदर धरायची. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण त्या दोघींचं माझ्यावाचून उत्तम चाललं होतं. इतकं छान चाललं होतं, की मला वाटलं, निभावलं.

मग हात धुऊन तिने पिशवीतून एक फोटो काढला आणि आईपुढे धरला. "फोटो. माय फादर," ती म्हणाली. निळा डगला घातलेला, टकलाचा, जाड मिशांचा माणूस मशिनीपाशी उभा होता. ती मशीन मी ओळखली. दर दसऱ्याला बघत होते. "फॅक्टरी," ती म्हणाली. "लेथ. ट्वेंटी इयर्स, सेम लेथ!" आणि एवढ्या वेळची कुजबुज विसरून तिने हे असं मोठ्याने सांगितलं, की आईने घाईने पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. पोरीच्या चेहऱ्यावर काय अभिमान होता! तिचा बाप लेथ चालवायचा आणि ती ते आमच्या वसाहतीला ऐकू जाईल असं सांगत होती.

बाहेरच्या खोलीत, माझ्यापासून चार पावलांवर, तिला भेटायला आठवडाभर जागलेला माणूस पडला होता. त्याचा प्रश्न आता कुणाला विचारायचा तेही समोर होतं. नुसतं "अण्णा, उठा" म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर इंजिनिअर कुठं गेला, ते सांगावं लागलं असतं, आणि तेही या पोरीला! मी फोटो परत दिला आणि म्हटलं, "नाइस."

दुपारी देऊळ झालं, घाट झाला. परत येताना साडेतीनच्या सुमाराला बस हमरस्त्यावर आली आणि थांबलीच. पहिली पाळी सुटली होती. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना कसं सांगू? या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या सायकली, हँडलला डबे अडकवलेले, मोटारगाड्या मुकाट कडेला. सगळे पाहुणे खिडक्यांना लटकले आणि फोटो काढू लागले. सर वैतागले. "अहो, सायकलींचे काय फोटो काढता!" चष्मेवाली म्हणाली, "लाइक अवर टाउन," आणि तिने हात हलवला. एकाने घंटी वाजवली. मग दुसऱ्याने. बघता बघता रस्ताभर घंट्या वाजायला लागल्या. त्या दिवशी त्या मुलांनी जे जे पाहिलं त्यात बघण्यासारखं खरं तेच होतं आणि ते सरांच्या कागदावर नव्हतं. मला एरवी किती आनंद झाला असता! मी त्या गर्दीतला एकेक पांढरा सदरा बघत बसले होते.

पाच वाजता बस पुण्याकडे निघाली. चष्मेवालीने मला घट्ट मिठी मारली. मी घरी आले तेव्हा अण्णा उठून चहा पीत बसले होते. सदरा पार चुरगळला होता. आई नळावर गेली होती.

"जेवली का पोरगी?"

"जेवली. तीन पोळ्या खाल्ल्या."

"मला कुनी उठवलं न्हाई."

आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यानेच मी घाबरले. घाईघाईने म्हटलं, "बरं झालं, अण्णा. तिला काही माहीत नव्हतं. तिचे वडील मोठे साहेब आहेत, इंजिनिअर. मशिनीला हातसुद्धा लावत नाहीत. उगीच तुमची झोप मोडली असती."

अण्णांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "व्हय का? मग त्यांच्याकडं बी लेथवाल्याला इंजिनिअरच म्हनत असतील."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. "तुम्ही जागे होता?"

"कडी वाजली तवाच जागा झालो. उठनारच हुतो, त्येवढ्यात तू तिला इंजिनिअर म्हनलीस. येवढं इंग्रजी येतं मला, कंपनीत हाय मी." ते हसले. खरंच हसले, टोमणा नव्हता. "म्हनलं, इंजिनिअर झोपलेलाच बरा. उठून तोंड उघडलं असतं तर माझी पोरगी तोंडावर पडली असती."

त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मी सुटले असते. त्यांनी दिली नाही. मी उभ्या उभ्या रडायला लागले. चुकले म्हणायलाही तोंड उघडेना. ते शब्द मी त्यांना पुढे कधीच म्हटले नाहीत. आता ते नाहीत आणि मी ते वाचणाऱ्यांना सांगत बसले आहे.

त्यांनी मला पोटभर रडू दिलं. मग जरा पुढे झुकून, आई आली नाही ना ते बघून, हळूच म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ दे. येक सांग. फोटू दावला न्हवं तिनं? भिताडाकडं तोंड हुतं, मला काय दिसलं न्हाई. कसा हाय गं तिचा बा?"

मी नाक पुसत सांगितलं. टक्कल आहे, मिशा जाड आहेत, डगला निळा, बाह्या दुमडलेल्या.

"हात कुठं हायती त्याचे?"

"एक कमरेवर. एक मशिनीवर."

"मशिनीवर कुठं?"

मला भागांची नावं येत नव्हती. मग मी आमच्या लोखंडी ट्रंकेपाशी जाऊन उभी राहिले, एक हात कमरेवर ठेवला आणि दुसरा ट्रंकेच्या उजव्या कोपऱ्यावर, त्या माणसाने ठेवला होता तसा. अण्णा बशी हातात धरून बघत राहिले. 

"हां," ते म्हणाले. "मी बी तिथंच ठेवतो."